दाजींनी विकलेली पेन्शन

राजारामपुरीत एका गल्लीच्या तोंडाला ‘सुजाता मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी’ अशी पाटी होती. स्कूल म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली पांढरी मारुती. ते चालवायची आक्काताई धनवडे.

तिचा नवरा जोतीराम मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं ट्रकवर होता. लग्नानंतर त्यानंच तिला मालकाच्या टेम्पोवर गाडी शिकवली. हौस म्हणून नव्हे. सुट्टीच्या दिवशी टेम्पो धुऊन आणायला कुणीतरी लागायचं आणि त्याला झोपायचं असायचं. कावीळ होऊन तो अठ्ठ्याऐंशी साली गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी थोडे दिवस वाट बघितली आणि मग तिला घेऊन जा म्हणून माहेरी निरोप धाडला. ती माहेरी गेली नाही. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली, एका डॉक्टरांच्या आईला रोज फिरवून आणायचं काम केलं आणि पैसे साठल्यावर जुनी मारुती घेऊन स्कूल काढलं.

तिच्याकडं डॉक्टरांच्या बायका यायच्या, बँकेतल्या बायका यायच्या, कॉलेजच्या मुली यायच्या. सगळ्यांवर ती सारखंच ओरडायची. “अगं क्लच सोड की हळू! खुराड्यातनं कोंबडी सोडल्यागत काय सोडतीस!” बायका ऐकून घेत, कारण तिच्याकडं शिकलेली बाई परीक्षेत सहसा नापास होत नसे.

शिकवणाऱ्याच्या बाजूलाही गाडीत ब्रेक आणि क्लच असतो. दिवसभर तो दाबून दाबून पंचेचाळिशीतच तिचे गुडघे बोलायला लागले. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून ती आधी दोन्ही पाय हलवून घ्यायची आणि मगच उभी राहायची. हे किती दिवस चालणार, हा विचार ती कुणाजवळ बोलली नव्हती. पण तिच्या थोरल्या बहिणीनं, चिमणाबाईनं, तो ओळखला होता.

चिमणाबाई पेठ वडगावला दिली होती. तिचे यजमान अण्णासो यांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा दुकान गेलं. त्यांच्या वस्तीत मॅट्रिक झालेल्या पहिल्या दोघांत ते एक होते, त्यामुळं पत्र वाचून दाखवायला, अर्ज लिहून द्यायला लोक त्यांच्याकडंच येत. पन्नाशी उलटल्यावर नवीन धंदा काय करणार? दोन हजार एक साली एका नव्या खाजगी विमा कंपनीनं कोल्हापुरात ऑफिस उघडलं आणि एजंट नेमायला सुरुवात केली. अण्णासोंनी प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि काळी बॅग घेऊन पहिले आले ते मेहुणीकडं. बरोबर चिमणाबाईही होती.

“आक्काताई, सरकारी नोकराला पेन्शन हाय, मग आपल्याला का न्हाय?” अण्णासो म्हणाले. “वर्षाला एक चेक द्यायचा. पंचावन्न पुरी झाली की घरबसल्या महिन्याला अडीच हजार. मरंपतूर.”

“अडीच हजार?”

“हितं छापलंय बघ की.” त्यांनी इंग्रजी पत्रकातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

आक्काताईनं पत्रक बघितलं. आकडा तर तोच होता. खोलीचं भाडं, गॅस, रॉकेल, दवाखाना, एवढं त्यात भागलं असतं. चिमणाबाई म्हणाली, “घे गं. म्हातारपणी कुणाच्या दारात जायला नको.” आक्काताईनं सही केली. अण्णासोंची ती पहिली पॉलिसी.

मग दर जानेवारीत अण्णासो वडगावहून एस.टी.नं यायचे, चेक घ्यायचे, जेवायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. चिमणाबाई बरोबर असली तर मुक्काम व्हायचा. दोन हजार पाच साली चिमणाबाई गेली. त्यानंतरही अण्णासो येतच राहिले. जेवताना दोघं फार बोलत नसत. त्यांचा मुलगा पृथ्वीराज पुण्यात कंपनीत होता, त्याची खुशाली निघायची. मग ते चेक बॅगेत ठेवून उठायचे.

दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर प्रीती निंबाळकर एक दिवस स्कूलमध्ये आली. तिला आक्काताईनंच गाडी शिकवली होती. आता ती एका खाजगी बँकेत विम्याचं काम बघायची. गप्पांत पेन्शनचा विषय निघाला आणि आक्काताईनं टेबलाच्या खणातला कंपनीचा वार्षिक कागद तिच्यापुढं सरकवला.

प्रीतीनं तो वाचला. मग मोबाइलवर काहीतरी हिशेब केला.

“ताई, हे फारच कमी वाढलंय. पोस्टात ठेवलं असतं तरी जास्त झालं असतं.”

“असं?”

“आमचा पेन्शन प्लॅन शेअर बाजाराशी जोडलेला आहे. गेली चार वर्षं बाजार बघा कुठं गेलाय. हे मोडून तिकडं वळवा. अजून दोन वर्षं आहेत ना तुम्हाला? मुदत थोडी वाढवून घेऊ.”

“ह्यात तुला काय मिळतंय?”

“मिळतं ताई. आणि डिसेंबरच्या आत टार्गेटही पुरं करायचंय. पण म्हणून चुकीचं सांगत नाही मी.”

“तसं न्हाय म्हणत मी. इचारलं.”

आक्काताईला प्रीतीचा राग आला नाही. उलट विचारल्यावर मुलीनं सरळ सांगितलं, हे तिला आवडलं. पण पैसे हलवायचे तर दाजींच्या हातून गेलेली पहिली पॉलिसी मोडायची, आणि तीही ते अजून दर जानेवारीत येत असताना. तिनं आठ दिवस काहीच केलं नाही. नवव्या दिवशी दुपारची बॅच रद्द करून ती विमा कंपनीच्या ऑफिसात गेली.

काउंटरवरच्या तरुणानं सगळं नीट समजावून सांगितलं. आत्ता मोडली तर रक्कम कापून मिळेल. मुदतीपर्यंत थांबलं तर काही कापलं जाणार नाही. मुदत संपल्यावर तिसरा हिस्सा रोख घेता येतो, राहिलेल्या रकमेची पेन्शन सुरू होते. आणि ती पेन्शन याच कंपनीकडून घ्यायला हवी असंही नाही. त्या वेळी जी कंपनी जास्त देईल तिकडं रक्कम वळवता येते.

“हे आमच्या एजंटनं सांगितलं न्हवतं,” आक्काताई म्हणाली.

“बऱ्याच एजंटना माहीत नसतं मॅडम.”

“बरं. म्हणजे थांबले तर महिन्याला अडीच हजार मिळणार की न्हाय?”

तरुणानं संगणकावर बघितलं. मग तिनं बरोबर नेलेलं जुनं पत्रक त्यानं उघडून वाचलं. “अडीच हजार तिमाही, मॅडम. तीन महिन्यांचे. आणि तेही अंदाजे होते. आता त्याहून थोडे कमीच बसतील.”

आक्काताईनं ते परत विचारलं नाही. पत्रक घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आभार मानले आणि खाली येऊन गाडीत बसली. चावी लावली, पण गाडी चालू केली नाही. सहा वर्षं ती मनात ज्या रकमेवर भाडं आणि गॅस भागवत आली होती, ती तिसरा हिस्साच निघाली होती. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा तिनं गाडी काढली आणि घरी न जाता तशीच वडगावचा रस्ता धरला.

अण्णासो स्वयंपाकघरात होते. बायको गेल्यापासून ते एकटेच करून खात. स्टोवर आमटी उतू गेली होती आणि ते फडक्यानं ओटा पुसत होते. मेहुणीला अवेळी दारात बघून ते दचकले.

“काय गं? काय झालं?”

“काय झालं न्हाय. बसा.”

तिनं पत्रक त्यांच्यापुढं ठेवलं आणि त्या आकड्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे वाचा.”

अण्णासोंनी चष्मा लावला. एकेक अक्षर लावत वाचलं. परत वाचलं.

“क्वार्टरली,” ते म्हणाले.

“म्हणजे काय?”

“तीन म्हयन्याची.” त्यांनी चष्मा काढला. “पेन्शन म्हटलं की म्हयन्याचीच आसती की गं. मी आकडा बगितला. वरचं वाचलंच न्हाय.”

“तुमी मला म्हयन्याला म्हणून सांगितलं दाजी.”

“व्हय.”

“मी त्याच्यावर बसून हाय. माझं गुडघं गेल्यात. मला आनि काय हाय?”

“मला काय ठाव न्हवतं व्हय?” अण्णासोंचा आवाज एकदम चढला. “मी काय तुला फसवाय आलतो? इंग्रजीत लिवत्यात मुडदे! ट्रेनिंगात नुसतं हसाय शिकीवलं, टाय लावाय शिकीवली!”

“माझ्यावर वरडू नगासा.”

“वरडत न्हाय!”

“वरडताय.”

आमटीचा करपट वास घरभर पसरला होता. आक्काताईनं उठून स्टो बंद केला. वळून बघितलं तर अण्णासो भिंतीला टेकून खाली बसलेले होते आणि बोटांवर काहीतरी मोजत होते.

“काय मोजताय?”

“वस्तीत किती जनांस्नी इकली ते.”

तेव्हा आक्काताईच्या लक्षात आलं. तिला जे सांगितलं, तेच त्यांनी प्रत्येक घरात सांगितलं होतं. तोच आकडा, तेच बोट. ते शिकलेले होते म्हणून कुणी दुसऱ्याकडून वाचून घेतलं नव्हतं.

“सांगाय पायजे,” ती म्हणाली.

“काय सांगू? सहा वर्सं खोटं बोललो म्हनून?”

“चुकीचं बोललो म्हणून.”

“तोंड कसं दाखवू?”

“मी येते संगं. गाडी हाय.”

गाडीची काही गरज नव्हती. सगळी घरं चालत जाण्यासारखी होती. तरी ते गाडीतच बसले आणि आक्काताईनं अंगणातून गाडी बाहेर काढली.

पिराजीची पिठाची गिरणी होती. यंत्र बंद करून, पिठानं पांढरे झालेले हात झटकत त्यानं ऐकून घेतलं. “मी कवाच बंद केली ती. दोन हप्तं भरलं आनि सोडलं,” तो म्हणाला. “तुमास्नी वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई.” त्यानं परत गिरणी चालू केली.

केरबा म्हणून एकजण होता, त्याच्या सुनेनं दारातूनच शिव्या घातल्या. तिनं अण्णासोंना चोर म्हटलं, आक्काताईला चोराची साथीदार म्हटलं आणि दार लावून घेतलं. दोन ठिकाणी चहा मिळाला. एका म्हातारीला काहीच समजलं नाही, पण अण्णासो हात जोडतायत हे बघून तिनंही हात जोडले. एका घरी लोक हसले. काय अण्णासो, मॅट्रिक झालता न्हवं, म्हणाले. अण्णासो प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य बोलत होते, “वाचण्यात माझी चूक झाली.” चौथ्या-पाचव्या घरापासून त्यांचा आवाज सपाट झाला. आक्काताई उंबऱ्याजवळ उभी राहायची. कुणी विचारलं की आता काय करायचं, तर काउंटरवरच्या तरुणानं सांगितलेलं सगळं ती समजावून सांगायची: मोडलं तर काय, थांबलं तर काय.

ज्ञानूचं घर शेवटी आलं. तो ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. बँडमध्ये त्याची अर्धी भागी होती. वय झालं, दम पुरेना, म्हणून त्यानं ती भागी त्याच दिवाळीत जोडीदाराला देऊन टाकली होती. पुढच्या वर्षी पेन्शन चालू होणार, हे धरूनच.

अण्णासोंचं बोलून झालं. ज्ञानू ओरडला नाही.

“मग आता?” त्यानं विचारलं.

अण्णासोंनी आक्काताईकडं बघितलं. मग ज्ञानू आत गेला आणि बाहेर आला नाही.

अण्णासो दुसऱ्या दिवशी ज्ञानूच्या जोडीदाराकडं गेले, भागी परत द्या म्हणून विनवलं. त्यानं नाही म्हटलं. कागद झाला होता, पैसे दिले होते, नवीन ड्रेस शिवले होते. त्या लग्नसराईपासून ज्ञानू इचलकरंजीच्या एका बँडमध्ये रोजावर वाजवायला जाऊ लागला.

डिसेंबरच्या मध्याला प्रीतीचा फोन आला. आक्काताईनं तिला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

“मग तर तुम्ही हलवायलाच पाहिजे,” प्रीती म्हणाली. “मुळातच कमी आहे, ते आणखी तिथंच ठेवून काय होणार?”

“हितनं काढताना ही कंपनी कापणार. तुझ्याकडं टाकल्यावर पहिल्या वर्षी तुम्ही कापणार. खरं की न्हाय?”

“पहिल्या वर्षी थोडे चार्जेस असतात, हो. पण बाजार ते भरून काढतो.”

“काढंल. न्हायतर न्हाय काढणार. मला दोनच वर्षं राहिल्यात. तू पंचवीस वर्षांची असतीस तर तुला मीच सांगितलं असतं, जा म्हणून.”

प्रीती थोडी नाराज झाली. टार्गेटला एक पॉलिसी कमी पडणार होती. पण जाताना ती म्हणाली, “मुदत संपेल तेव्हा पेन्शनचे दर मी काढून देते. सगळ्या कंपन्यांचे.”

जानेवारीत अण्णासो आले, चेक घेतला, जेवले. त्याच महिन्यात बाजार कोसळला, आणि पुढं वर्षभर पडतच राहिला. प्रीतीच्या बँकेत लोक येऊन टेबलावर हात आपटायला लागले. एकदा ती स्कूलमध्ये येऊन नुसतीच बसून राहिली. समोर गाडी उभी होती, पुढच्या बॅचच्या बाईची वाट बघत.

“तुम्ही आला असता तर आज मला तोंड दाखवायला जागा नसती,” प्रीती म्हणाली.

“आले न्हाय न्हवं. मग कशाला तो इचार?” आक्काताई म्हणाली. “पाणी पी.”

तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. जे थांबतील त्यांचं वर येईलही, हे प्रीती सांगायची आणि ते खरंही होत गेलं. पुढच्या वर्षाअखेर बाजार बराच सावरला. आक्काताईची पॉलिसी मात्र ना पडली ना चढली, होती तशीच मुंगीच्या पावलानं चालत मुदतीला आली.

दोन हजार नऊच्या अखेरीला तिला पंचावन्न पूर्ण झाली. प्रीतीनं शब्द पाळला आणि पाच कंपन्यांचे दर एका कागदावर मराठीत लिहून आणले, प्रत्येक आकड्यापुढं ‘महिन्याला’ असं ठळक अक्षरात. अण्णासोही त्या दिवशी आले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मग तोच परत मोठ्यानं वाचला. त्यांच्या कंपनीचा दर खालून दुसरा होता.

“हलीव,” ते म्हणाले.

“तुमच्या कंपनीतनं काढू?”

“माझी कसली कंपनी? हलीव की. हे बग, ही वरली जास्त देतीया.”

“तुमचं कमिशन?”

“बंद हुईल. हुंदे.”

आक्काताईनं तिसरा हिस्सा रोख घेतला, त्यात गुडघ्याच्या डॉक्टरचे पैसे भागले आणि मारुतीच्या इंजिनाचं काम झालं. राहिलेली रक्कम तिनं दुसऱ्या कंपनीकडं वळवली. तिथं दर बराच चांगला होता, पण मूळ रक्कमच लहान होती, त्यामुळं महिन्याची पेन्शन साडेसहाशेच्या आसपास बसली. खोलीचं भाडं त्यात निघायचं. बाकीचं निघायचं नाही.

तिनं संध्याकाळची बॅच बंद केली आणि सकाळच्या दोन चालू ठेवल्या. अण्णासोंनी एजन्सीचं नूतनीकरण केलं नाही. वस्तीतले काही लोक त्यांच्याकडं परत कागद घेऊन यायला लागले, काही आले नाहीत. ज्ञानू रस्त्यात भेटला तर दुसरीकडं बघायचा. अण्णासो थांबायचे, तो पुढं निघून गेला की चालायला लागायचे.

पुढच्या जानेवारीत चेक न्यायचा नव्हता. तरी अण्णासो दरवर्षीच्याच आठवड्यात एस.टी.नं आले. बॅग आणली नव्हती, पिशवीत वडगावच्या बाजारातली वांगी होती. आक्काताईनं ताट वाढलं. पृथ्वीराजला मुलगी झाल्याचं त्यांनी सांगितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.